बायकांच्या खेळाला तू काय सांगितलंस?

अंबादास,

तुझ्या शोकसभेत मी उभा राहून "हे खरं नाही" असं म्हणालो, त्याला आज नऊ दिवस झाले. उद्या तुझं तेरावं. तुझ्या मुलीनं मला दिलेली मुदत उद्या संपते, म्हणून लिहायला बसलो आहे.

त्या सभेचं जे वर्णन तेरमध्ये चाललं आहे ते चुकीचं आहे, तेव्हा आधी ते दुरुस्त करतो. मी ओरडलो नाही. काठी आपटली हेही खोटं. काठी हातातून सुटून पडली. झालं ते असं. वाचनालयाच्या हॉलमध्ये एक निवृत्त मंडळ अधिकारी बोलायला उभे राहिले. निजामाच्या वेळचे उर्दू कागद वाचून मराठीत करून देणारा तुझ्यासारखा माणूस जिल्ह्यात उरला नव्हता, गेल्या दोन-तीन वर्षांत आजा-पणजाच्या नोंदी शोधणाऱ्यांची तुझ्या ओट्यावर रीघ लागली होती, हे त्यांनी सांगितलं. इथपर्यंत माझी तक्रार नाही. मग ते म्हणाले, "अंबादासरावांनी एका अक्षराचा फेरफार केला नाही. कागदात नाही आणि आयुष्यातही नाही." तेव्हा मी उभा राहिलो.

"कागदाचं मला माहीत आहे," मी म्हणालो. "आयुष्याचं म्हणाल तर हे खरं नाही. फेरफार त्यानं केला आहे, आणि भोंग्यावरून केला आहे."

तुझा पुतण्या माझा सदरा ओढू लागला. तुझी सुलभा मात्र शांतपणे उठली.

"काका, बाबांनी काय फेरफार केला ते सांगा."

"इथं सांगण्यासारखं नाही."

"मग इथं म्हणायचं तरी कशाला? तेराव्याच्या आत सांगा, न्हायतर शब्द माघारी घ्या. चार माणसांत म्हणलात, चार माणसांतच घ्या."

बोलणं थेट तुझं. मला राग आला आणि बरंही वाटलं.

तू माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तरी मी तुला आयुष्यभर अरे-तुरे केलं, कारण वाद घालायचा तर अहो-जाहो सोयीचं पडत नाही. या चार वर्षांनीच सगळा घोळ केला. तू शाळेत गेलास तेव्हा पाटीवरची अक्षरं उजवीकडून डावीकडे जात होती. मी गेलो तोवर राज्य बदललं होतं आणि अक्षरं डावीकडून उजवीकडे निघाली होती. तू पुढं रेकॉर्डरूममध्ये लागलास, मी मराठीचा मास्तर आणि मग मुख्याध्यापक झालो. "अलिफ-बे शिक की," तू म्हणायचास, "महिन्याभरात येईल." तुझ्यापुढं पाटी घेऊन बसायचं मला पटलं नाही. आजही पटत नाही.

माझ्या शेताचा जुना कागद तू मला वाचून दाखवलास तो दिवस आठवतो. माझ्या आजोबांचं पूर्ण नाव मी पहिल्यांदा तुझ्या तोंडून ऐकलं. एके जागी तू थांबलास. मी म्हणालो, "पुढं वाच." तू म्हणालास, "इथं शाई सांडली आहे. शब्द दिसत नाही." संदर्भानं सहज लावता आला असता असा शब्द होता. तू लावला नाहीस. अंदाजानं वाचलेला कागद कोर्टात उभा राहत नाही, म्हणालास. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता, हे तुला कधी सांगितलं नाही.

असा माणूस भोंगा हातात आल्यावर बदलला, यातच माझ्या संशयाचं मूळ आहे.

यात्रेत तंबू टॉकीज यायची तेव्हाची गोष्ट. तेरणेच्या पात्राशेजारी तंबू लागे. सिनेमा उर्दू असला की मालक गावातला एक सांगणारा गाठत असे. त्यानं पडद्याच्या कडेला उभं राहून पात्रांचं बोलणं भोंग्यावरून मराठीत सांगायचं. आपल्याकडे त्या कामाला तुझ्याशिवाय दुसरं नाव नव्हतं. त्या वर्षी दिवेलागणीला एकच खेळ होई. पहिल्या दिवशी फक्त बायकांचा, दुसऱ्या दिवशी पुरुषांचा.

त्या सिनेमाचं नाव मी इथं लिहीत नाही. ते नाव घेऊन जे कथा सांगतात त्यांचं निम्मं चुकीचं असतं. कथा साधी होती. एका शहरातला नामांकित हकीम. त्याच्या वडिलांनी लिहिलेला औषधांचा ग्रंथ जीर्ण झालेला, म्हणून त्याची नक्कल करायला तो एक कातिब घरी बसवतो. कातिब म्हणजे वळणदार अक्षर काढणारा लेखनिक. हकीम दिवसभर रोग्यांत. घरात त्याची बायको आणि हा लेखनिक. ग्रंथाची पानं संपत जातात तसं त्या दोघांचं बोलणं वाढत जातं, आणि शेवटी हकिमाला सगळं कळतं. तो बायकोला विचारतो, आणि ती बराच वेळ बोलते. तिचं ते बोलणं हाच सिनेमाचा शेवट, आणि तोच आपल्या भांडणाचा आरंभ.

पहिल्या दिवशी माझी बायको प्रयाग शेजारणींबरोबर बायकांच्या खेळाला गेली. परत आली ती वेगळीच दिसत होती. ताट वाढता वाढता सांगू लागली, "लई चांगला व्हता हो खेळ. शेवटी ती हकिमाला म्हन्ती, या घरात माझ्याशी कुणी बोलत न्हवतं. तुमी समद्या गावाची नाडी बगितली, माजी कवा बगितली न्हाय."

"आणि मग?"

"मग काय, बाया रडाय लागल्या. मला फुडचं दिसलंच न्हाय."

(सभेत कोणीतरी सांगितलं की, त्या दिवशी तूसुद्धा भोंग्यावर रडलास. साफ खोटं. प्रयाग म्हणाली होती, "भाऊजी खरेदीखत वाचल्यागत वाचत व्हते.")

दुसऱ्या दिवशी मी पुरुषांच्या खेळाला गेलो. तोच सिनेमा, तीच बाई, तेच लांब बोलणं. आणि तू भोंग्यावरून सांगितलंस, "मी त्याच्यावर जीव लावला. मला कुणी फसवलं नाही, कुणी भुलवलं नाही. कबूल करते. दार उघडा, मी जाते." तंबूत शिट्ट्या वाजल्या. नाडीचा शब्द नाही. घरात कुणी बोलत नव्हतं, हेही नाही.

घरी येऊन मी प्रयागला सांगितलं की, ती बाई सरळ कबुली देते.

"आवो, म्या सोता ऐकलंय. भाऊजींचा भोंगा माज्या डोस्क्यावरच व्हता."

त्यावर मी काय म्हणालो ते शेवटी लिहितो.

तिसऱ्या दिवशी तुला तंबूच्या मागं गाठलं. तू भोंग्याची वायर गुंडाळत होतास.

"बायकांना एक सांगितलंस, आम्हाला एक. खरं कोणतं?"

"दोन्ही."

"हे उत्तर झालं का?"

"तुला उर्दू येत असतं तर उत्तर लागलंच नसतं," म्हणालास आणि हसलास.

त्या हसण्यावर मी पन्नासहून अधिक वर्षं विचार केला आहे. कारण एक गोष्ट तुला ठाऊक नव्हती, निदान ठाऊक नसायला हवी होती. त्याच्या वर्षभर आधी मी वह्या तपासत बसलो असताना प्रयाग दारात उभी राहून म्हणाली होती, "या घरात माज्याशी कुणी बोलतच न्हाय." मी मान वर न करता "हो" म्हटलं असावं. ती गेली. आणि आता तेच वाक्य, जवळजवळ शब्दाला शब्द, भोंग्यातून साऱ्या गावाच्या बायकांना ऐकवलं गेलं होतं. माझ्या घरातलं वाक्य तंबूत कसं पोचलं? ते तुला कोणी सांगितलं?

मग मला एकेक दिसू लागलं. दर रविवारी सकाळी तू यायचास. मी आतल्या खोलीत वह्यांचे गठ्ठे घेऊन बसलेला, आणि ओट्यावर तू आणि प्रयाग. तुमचं हसणं आत ऐकू येई. तू येणार असलास की चहात गवती चहाची पात पडे. एरवी पडत नसे. मी बाहेर आलो की बोलणं थांबे. थांबे की संपलेलं असे, हे मी तपासलं नाही. तपासणं माझ्या स्वभावात होतं, पण वह्यांपुरतं. तुला एकदा विचारलं, "तुम्ही दोघं एवढं काय बोलता?" तू म्हणालास, "बाहेर येऊन बस, म्हणजे कळेल." हे आमंत्रण होतं की आडपडदा, ते मी ठरवू शकलो नाही, आणि बाहेर येऊन बसलोही नाही.

सहा वर्षांपूर्वी प्रयाग गेली. तिच्या शेवटच्या आजारात तू रोज आलास, तिला पेपर वाचून दाखवलास. माझ्यानं ते होत नव्हतं. माझा आवाज फुटायचा. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे, आणि त्याच महिन्यात मी तुझ्यावर सर्वांत जास्त संशय घेतला आहे. दोन्ही खरं.

तिच्या दिवसांनंतर तिची पेटी उघडली. लुगड्यांच्या तळाशी, हळदीकुंकवाच्या डबीखाली एक घडी घातलेला कागद निघाला. कागद उर्दू. अक्षर तुझं, ते मी वाचू शकत नसलो तरी ओळखू शकत होतो. प्रयागला मराठीतली सही जेमतेम येत होती. उर्दू कागद तिनं लुगड्यांखाली का ठेवावा? ज्याला वाचायला द्यावा असा गावात एकच माणूस, आणि तो तू.

सहा वर्षं तो कागद माझ्या कपाटात होता. सहा वर्षं दर रविवारी तू येऊन माझ्यासमोर बसलास, गुडघ्यांची, नातवांच्या लग्नांची बोलणी केलीस, आणि मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. एकदा कपाटापर्यंत उठून गेलोही होतो. तू विचारलंस, "काय हवंय?" मी चष्म्याचं घर घेऊन परत आलो.

सुलभानं मुदत दिली तेव्हा पर्याय उरला नाही. शब्द माघारी घ्यायचा तर पुराव्याशिवाय नाही, आणि कायम ठेवायचा तरी पुराव्याशिवाय नाही. चार दिवसांपूर्वी एस.टी.नं धाराशिवला गेलो. तिथं शाहेदाबाई राहतात. मी मुख्याध्यापक असताना त्या आमच्याकडे उर्दू शिकवायच्या, आता निवृत्त. त्यांच्यापुढं कागद ठेवला आणि म्हणालो, "काय लिहिलंय ते सांगा. काहीही असलं तरी सांगा."

त्यांनी चष्मा चढवला, पहिली ओळ पाहिली आणि माझ्याकडे बघून हसल्या.

"सर, हे तर तुमच्याच नावचं आहे."

"माझ्या?"

"ये देखो. 'बखिदमत जनाब मास्टर साहब.' खाली तुमच्या गावाचं नाव. तुमचं पत्र तुमी माझ्याकडं वाचायला आणलंय."

मी पाणी मागितलं.

मग त्यांनी पूर्ण वाचलं. ते त्या सिनेमातलं हकिमाच्या बायकोचं शेवटचं बोलणं होतं, अथपासून इतिपर्यंत. आधी ती म्हणते की, मी त्याच्यावर जीव लावला, मला कुणी फसवलं नाही, कबूल करते. आणि लगेच पुढं, श्वासही न घेता, म्हणते की, या घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, तुम्ही साऱ्या शहराची नाडी पाहिली, माझी कधी पाहिली नाही. दार उघडा, मी जाते; पण जाण्याआधी एकदा मला विचारा.

मला पटलं नाही. शाहेदाबाईंचाही संशय आला, आणि तो मी बोलून दाखवला. "तुम्ही मेलेल्या माणसाला सांभाळून घेताय."

"सर," त्या म्हणाल्या, "तीस वर्षं उर्दू शिकवली मी. आता या वयात तुमी माझा पेपर तपासनार?"

त्या उठल्या. मला नाव विचारून टीव्हीवर तो सिनेमा शोधून काढला, आताशा तिथं सगळं जुनं सापडतं म्हणे, आणि शेवटाला नेला. तुझा कागद मांडीवर घेतला आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. पडद्यावरची बाई बोलू लागली तसं बोट उजवीकडून डावीकडे सरकू लागलं. मला अक्षर येत नाही, पण चाल कळते. बाई थांबली की बोट थांबे, बाई बोलली की बोट चाले. ओळीमागून ओळ, कुठंही अडखळलं नाही. शेवटच्या शब्दाला बाईचा आवाज आणि बाईंचं बोट एकदमच टेकलं. मी पुन्हा लावायला सांगितलं, आणि मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी शाहेदाबाईंनीच पदराचं टोक डोळ्याला लावलं होतं.

म्हणजे ते वाक्य माझ्या घरातून कुठंही गेलं नव्हतं. कुठल्या तरी दूरच्या शहरात बसून लिहिणाऱ्याला ते आधीच माहीत होतं. प्रयागनं तुला काही सांगितलं नसावं. किंवा सांगितलंही असेल. पण भोंग्यावरून तू सिनेमातलंच सांगत होतास.

दोन खेळांना दोन अर्धी का सांगितलीस, याचा खुलासा आता कोण करणार? शाहेदाबाईंचं म्हणणं, बायकांना जे बोलता येत नाही ते तू त्यांना ऐकवलंस आणि पुरुषांना जे सोसत नाही ते त्यांना. मी हे मान्य करत नाही. माझ्या मते कारण कामातलं आहे. सांगणाऱ्याला पात्र श्वास घेईल तेवढीच जागा मिळते. ही बाई श्वासच घेत नाही, तेव्हा निम्मंच बसणार. मात्र कुणापुढं कोणतं निम्मं, ते तू निवडलंस. फेरफार तू केला नाहीस, हे मी मानतो. निवड केलीस, हा आरोप कायम आहे. त्या दिवशी उलटं निवडलं असतंस तर नाडीचं वाक्य मी पुरुषांत बसून, भोंग्यावरून, अधिकृत ऐकलं असतं. कदाचित वह्या बाजूला सारल्या असत्या. कदाचित नसत्याही.

आणखी एक. बाईचं बोलणं संपताच आपल्या तंबूत माणसं उठत, गॅसबत्त्या पेटत, त्यामुळे पुढचं तेव्हा कुणीच पाहिलं नाही. हकीम दार उघडतो. मग परत येतो, बायकोसमोर जमिनीवर बसतो आणि एकच शब्द बोलतो: "कहिए." हा शब्द मला शाहेदाबाईंना विचारावा लागला नाही.

आता कागदाच्या तळाविषयी. तळाशी रेकॉर्डरूममधल्या शिरस्त्यानं तू लिहिलं आहेस, "नक्कल मुताबिक असल". मुळाबरहुकूम नक्कल. खाली तुझी सही. त्या यात्रेनंतरच्या आठवड्यातली तारीख. आणि सहीखाली दोन ओळी. त्याही शाहेदाबाईंनी वाचून दाखवल्या.

"मास्टर, अलिफ-बे शिकलास तर महिन्याभरात वाचशील. शिकणार नसशील तर वहिनींना विचार. त्यांना मी पूर्ण वाचून दाखवलं आहे."

हा कागद प्रयागनं मला दिला होता का? मला आठवत नाही. एखाद्या रविवारी दारात उभी राहून "भाऊजींनी ह्यो कागुद दिलाय" म्हणाली असेल, आणि मी मान वर न करता "ठेव तिथं" म्हणालो असेन. असं झालं हे मी कबूल करत नाही. पण आयुष्यभर तुमच्या दोघांच्या आठवणींवर संशय घेतला, आता पहिल्यांदाच स्वतःच्या आठवणीचा येतो आहे. तिनं तो जपून ठेवला. पूर्ण उत्तर तिच्यापाशी होतं, ओट्यावर तू वाचून दाखवलेलं. मी विचारेन म्हणून ती थांबली असेल. तुम्ही दोघंही थांबलात. दोघांनाही मी किती हट्टी आहे याचा पुरता अंदाज नव्हता.

शाहेदाबाई म्हणतात, "या सर, अलिफपासून शिकवते." मी अजून होय म्हटलेलं नाही.

उद्या तुझ्या तेराव्याला, पंगती बसण्याआधी, त्याच चार माणसांत मी उभा राहणार आहे. तुझा पुतण्या सदरा ओढेल, ओढू दे. मी म्हणेन की, अंबादासनं एका अक्षराचा फेरफार केला नाही, कागदात नाही आणि भोंग्यावरही नाही, माझं वाक्य मी माघारी घेतो. सुलभाच्या हातात हे पत्र आणि तो कागद दोन्ही देईन. तुझ्या अक्षरातला शेवटचा कागद घरात असावा, तर तो तिच्या.

दुसरं एक वाक्य मात्र कोणासमोर माघारी घ्यायचं ते मला सुचत नाही. त्या संध्याकाळी पुरुषांचा खेळ पाहून मी आलो. प्रयाग ताटावर वाकून मला सांगत होती की, ती बाई म्हणते, या घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. आणि तिचं बोलणं पुरं होऊ न देता, तुझा हवाला देऊन, मी म्हणालो होतो:

"तू नीट ऐकलंच नाहीस."